डॉक्टर हेन्री कार्टर यांचे चरित्र

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांच्या कथा सर्वांस ठाऊक असतात. परंतु सैन्याचा अधिकारी असूनही ज्याने हाती पेन्सिल व सूक्ष्मदर्शक यंत्र धरले आणि आपल्या प्रांतातील दीनदुबळ्या रोग्यांसाठी व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी तीस वर्षे वेचली, अशा पुरुषाचे नाव क्वचितच ऐकू येते. असे एक सत्पुरुष डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे होत. त्यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडील मंडळींपुढे ठेवीत आहो.

कार्टर यांचा जन्म सन १८३१ मध्ये इंग्लंडातील हल या शहरी झाला. वडील चित्रकार होते, त्यामुळे रेखाटनाची कला मुलास घरीच लाभली. पुढे लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ते वैद्यकाचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांची गाठ हेन्री ग्रे या तरुण शल्यवैद्याशी पडली. विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असा शरीररचनेचा ग्रंथ लिहावा, हा ग्रे यांचा संकल्प. त्याची चित्रे कार्टर यांनी काढावी असे ठरले. पुढे दीडएक वर्ष दोघांनी शवविच्छेदन करून एकेक स्नायू, एकेक नाडी तपासली. ग्रंथातील चित्रांची संख्या ३६३ भरली. ती छपाईच्या लाकडी ठोकळ्यांवर उलटी काढावी लागत, म्हणजे छापल्यावर सुलटी उमटत. शिवाय प्रत्येक अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिल्यामुळे विद्यार्थ्यास ते शोधीत बसण्याचे कारण उरले नाही.

ग्रंथ सन १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. ग्रे यांस प्रतींच्या खपावर द्रव्य मिळावयाचे होते. कार्टर यांस मात्र एकदाच दीडशे पौंड मिळाले. एवढेच नव्हे, तर मुखपृष्ठावर त्यांचे नाव ग्रे यांच्या नावाहून लहान अक्षरांत छापले गेले. दुसरा एखादा असता तर त्याचे मन कडवट झाले असते. कार्टर यांनी आपल्या कामाला दुसरे क्षेत्र शोधले.

त्याच वर्षी ते सैन्याच्या वैद्यकीय खात्यात दाखल होऊन मुंबईस आले. त्या काळी या खात्यातील डॉक्टरांस लष्करी हुद्दा असे. तथापि सरकार त्यांस रुग्णालयांत व विद्यालयांतही नेमीत असे. कार्टर यांची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया या विषयांच्या अध्यापकपदी झाली. ज्या हाताने सुप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढली, त्याच हाताखाली आपल्या इकडील तरुण वैद्यविद्या शिकू लागले, हे त्यांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

पुढे सन १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. शेतात अनवाणी राबणाऱ्या लोकांच्या पायाला काटा रुतून कधी कधी पाय सुजतो, त्यास छिद्रे पडतात व अखेर तो निकामी होतो. हा रोग एका जातीच्या बुरशीमुळे होतो, असे त्यांनी मुंबईतील पहिल्या काही वर्षांतच प्रतिपादिले होते. सन १८७४ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महारोगाचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. या रोग्यांस लोक दूर लोटीत. कार्टर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या रोगाची लक्षणे टिपीत. रजा मिळाली तेव्हाही त्यांनी विश्रांती घेतली नाही. महारोगाचे संशोधन चालले होते त्या नॉर्वे देशात ते गेले. परतल्यावर या रोग्यांसाठी आश्रयस्थाने असावीत म्हणून त्यांनी सरकारकडे आग्रह धरला.

सन १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. अन्नान्न करीत हजारो माणसे मुंबईकडे निघाली. दख्खनेतून मुंबईस जाणारी वाट व सन १८६३ मध्ये सुरू झालेली बोरघाटाची रेल्वे ही दोन्ही आपल्याच खालापूर-कर्जतच्या मुलखातून उतरतात, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. या उपाशी लोकांत उलटून उलटून येणारा एक ताप पसरला. कार्टर यांनी रोग्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांस मळसूत्रासारखे नागमोडी जंतू वळवळताना दिसले. जर्मनीत ओबरमायर यांनी पूर्वी पाहिलेल्या जंतूंसारखेच ते होते. रात्रंदिवस खपून त्यांनी या तापावर लिहिलेला ग्रंथ सन १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा ताप एकापासून दुसऱ्यास कसा लागतो, हे कोडे मात्र त्यांच्या हयातीत सुटले नाही. सन १९०७ मध्ये त्याच खात्यातील डॉक्टर मॅकी यांनी नाशिक येथील मिशनच्या एका वसतीत उद्भवलेली साथ तपासली. तेथे ताप मुलींपेक्षा मुलांत फार अधिक होता आणि अंगावरच्या उवाही मुलांच्याच कपड्यांत अधिक होत्या. ऊ हीच रोगाची वाहक, असे तीवरून त्यांनी दाखविले. तेव्हा अंग व कपडे स्वच्छ ठेवा असे शिक्षक वारंवार सांगतात, ती निव्वळ शिस्तीची बाब नव्हे, हे मुलांनी ध्यानात धरावे.

सन १८८७ मध्ये हिवतापाचे जंतूही कार्टर यांनी हिंदुस्थानातील रोग्यांच्या रक्तात पाहिले. पुढल्याच वर्षी ते सेवानिवृत्त होऊन मायदेशी परतले. त्यांचा पहिला विवाह दुःखाचा ठरला होता. उतारवयात त्यांनी पुन्हा विवाह केला व त्यांस दोन अपत्ये झाली. सन १८९७ च्या मे महिन्यात क्षयाने त्यांचे देहावसान झाले. हिवताप डासामुळे पसरतो, याचा शोध रोनाल्ड रॉस यांस अवघ्या तीन महिन्यांनंतर लागला.

ज्या ग्रंथावर त्यांचे नाव लहान अक्षरांत छापले गेले, त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघत असून जग तो ग्रे यांच्याच नावाने ओळखते. परंतु कार्टर यांनी त्या अक्षरांवरून आपल्या कामाची किंमत ठरविली नाही. जेथून लोक नजर फिरवीत, तेथे त्यांनी ती स्थिर ठेवली: महारोग्याच्या हातावर, शेतकऱ्याच्या सुजलेल्या पायावर, दुष्काळग्रस्ताच्या रक्ताच्या थेंबावर. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुढे कोणी वैद्य होईल, कोणी शिक्षक, कोणी शिपाई. आपले नाव मोठ्या अक्षरांत छापले जावो वा न जावो, हाती आलेले काम त्यांनी अशाच निष्ठेने पार पाडावे, एवढीच आमची इच्छा आहे.