माशाला नाव, नदी आणि माप देणारा कर्नल

घोडेगाव (ता. नेवासा) : अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगावची ओळख जनावरांच्या बाजाराशी जोडलेली आहे. बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, वय विचारतो, आपल्या दावणीला आणखी किती जनावरे मावतील याचा अंदाज घेतो आणि मगच सौद्याला बसतो. घरातील काचेच्या टाकीसाठी मासे घेताना मात्र हा चोखंदळपणा हरवतो. रंग आवडला म्हणून एक जोडी, लहान दिसते म्हणून दुसरी, असे करता करता दोन फुटांच्या टाकीत पंचवीस मासे जमतात आणि पंधरवड्यात एकेक पाण्यावर तरंगू लागतो. मासा कोणत्या पाण्यातला, त्याची वाढ किती, हे प्रश्न दख्खनच्या माशांबाबत सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका लष्करी अधिकाऱ्याने विचारले होते. त्यांचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

तलवारीकडून टिपणवहीकडे

साइक्स यांचा जन्म 25 जानेवारी 1790 रोजी यॉर्कशरमधील एका घराण्यात झाला. वयाची चौदा वर्षे पूर्ण होत असतानाच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. 1805 मध्ये लॉर्ड लेक यांच्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. पुढे त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून दुभाष्याची पात्रता मिळवली. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकी आणि पुणे येथे झालेल्या लढायांत ते कंपनीच्या देशी पलटणीचे नेतृत्व करीत होते. पेशवाईच्या अस्ताला कारणीभूत ठरलेल्या या लढायांनंतर डोंगरी किल्ल्यांच्या मोहिमांतही त्यांनी भाग घेतला.

पेशव्यांचा मुलूख हाती आल्यावर कंपनी सरकारला त्याची नेमकी माहिती हवी होती. ऑक्टोबर 1824 मध्ये मुंबई सरकारने साइक्स यांना सांख्यिकी वार्ताहर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील गावे, माणसे, जमीन, पिके आणि हवामान यांची मोजदाद हे त्यांचे काम झाले. या उठाठेवीमागचा हेतू महसुलाचा होता, हे विसरून चालणार नाही. मात्र साइक्स यांचे कुतूहल सारावसुलीच्या आकड्यांपाशी थांबले नाही. मुक्काम पडेल तेथील पक्षी, प्राणी आणि मासे यांच्या नोंदी ते करू लागले.

डिसेंबर 1829 मध्ये सरकारने हे पद रद्द केले. हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे त्यांना मानवले नाही. रजा घेऊन त्यांनी दख्खनची गणना पूर्ण केली आणि जानेवारी 1831 मध्ये अहवाल सादर करून मायदेशाची वाट धरली. दख्खनच्या रानकुत्र्याचे म्हणजे कोळसुंद्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी 1831 मध्ये प्रसिद्ध केले, तर पुढच्या वर्षी पक्ष्यांची यादी आली. माळरानावरचा एक चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मराठी नावे शास्त्राच्या दप्तरी

माशांवरील त्यांचा निबंध 1838 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला आणि सचित्र स्वरूपात 1841 मध्ये छापला गेला. त्यात दख्खनच्या नद्यांतील चाळीसहून अधिक माशांची वर्णने आहेत. माशांची चित्रे त्यांनी प्रत्यक्ष मोजमाप घेऊन तयार करवली. प्रत्येक मासा कोणत्या नदीत मिळाला, हेही नोंदवले. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेला मुसल्ला, पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीत सापडलेला नुक्ता, सध्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील पेडगाव येथे भीमेत मिळालेला टाकरी, अशा त्या नोंदी आहेत.

नव्या जातीला लॅटिन वा ग्रीक नाव देण्याचा तो काळ होता. साइक्स यांनी बहुतेक ठिकाणी नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली. त्यामुळे खुद्री, कोलस, मुल्या, सिंघाला, गोग्रा हे शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्रात कायमचे रुजले. सिंघाला म्हणजे आपला शिंगाळा, गोग्रा म्हणजे घोगऱ्या. ज्यांच्या जाळ्यांतून हे मासे आले, त्यांची नावे मात्र दप्तरात उतरली नाहीत. त्यांचे ज्ञान तेवढे उरले.

या नोंदींतील फरक टाकी बाळगणाऱ्याच्या आजही उपयोगी पडणारा आहे. मुल्या हा वीतभर मासा, पण तो वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात खडकाला धरून राहतो. खुद्री म्हणजे महासीर बोटभर असताना देखणा दिसतो, पण तो मीटरभर वाढू शकतो. शिंगाळाही तसाच वाढतो आणि लहान मासे खातो. एकाच नदीतले हे मासे एका टाकीत सुखाने नांदणार नाहीत. पिल्लू पाहून मासा निवडणे म्हणजे वासरू पाहून गोठ्याची लांबी ठरवण्यासारखे आहे.

बारा गॅलन आणि दोन मासे

साइक्स 1834 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. ते 1840 मध्ये कंपनीचे संचालक आणि 1856 मध्ये अध्यक्ष झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच लंडनमध्ये घरगुती मत्स्यालयाचे शास्त्र जन्माला येत होते.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1849 मध्ये बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने काही गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. मार्च 1850 मध्ये त्याने हे निरीक्षण लंडनच्या रसायन संस्थेपुढे मांडले. बारा ब्रिटिश गॅलन म्हणजे सुमारे 54 लिटर. आजची दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी जवळपास एवढीच भरते. तेवढ्या पाण्यात वॉरिंग्टनने दोनच लहान मासे ठेवले होते.

या संयमामागचे रसायन आता पुरते उलगडले आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळूत आणि गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी टाकी माशांनी भरली, तर विष साचते आणि ते निवारणारे कोणी नसते. त्यातच कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नगरच्या उन्हाळ्यात एप्रिल-मे महिन्यांत दाटीच्या टाकीतले मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, त्याचे हेच कारण.

एका गॅलनला एक इंच मासा, असा एक हिशेब शौकिनांत प्रचलित आहे. सांख्यिकीत हयात घालवलेल्या साइक्स यांना त्यातील खोट चटकन दिसली असती. लांबी दुप्पट झाली की त्याच बांध्याच्या माशाचे वजन सुमारे आठपट होते. दहा इंचांचा एक मासा वजनाने एक इंचाच्या सुमारे हजार माशांइतका भरतो आणि घाणही त्याच बेताने वाढते. हा नियम फार तर बारीक, सडपातळ माशांपुरता वापरावा आणि तोही पूर्ण वाढीची लांबी धरून.

दोन फुटांच्या टाकीत वाळू घालून, वरचा भाग मोकळा सोडला की 45 लिटरच्या आसपास पाणी उरते. झेब्रा डॅनिओसारखे कळपाने राहणारे आठ-दहा लहान मासे तिला पुरेसे आहेत. तेही सुरुवातीला तीन-चार सोडून, टाकी स्थिरावेल तसे वाढवावेत. गप्पी ठेवायचे तर केवळ नर ठेवावेत. नर-मादी एकत्र असतील तर दाटी आपोआप होते. सोनमासा मोठा होतो आणि घाणही बरीच करतो, त्यामुळे आज त्याला लहान टाकीत ठेवणे योग्य मानले जात नाही. टाकी साफ करील म्हणून घेतलेला सकर मासा फूटभराहून मोठा होतो.

भीमेचा बदललेला चेहरा

चुकीच्या निवडीची किंमत टाकीबाहेरही मोजावी लागते. न मावणारा मासा मारवत नाही, म्हणून अनेक जण तो दयाबुद्धीने नदीत सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. आफ्रिकेतून आलेला चिलापी तर तेथे आधीच माजला होता. तो मत्स्यव्यवसायातून आला, सकर घरगुती टाक्यांतून. ज्या भीमेतील माशांच्या नावांची यादी साइक्स यांनी केली, तिच्यातच ही नवी नावे दाखल झाली आहेत. नको असलेला मासा दुकानदाराला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा, नदीत सोडू नये.

साइक्स 1857 मध्ये ॲबरडीनमधून ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि अखेरपर्यंत खासदार राहिले. 1858 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे, तर 1863 मध्ये सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 16 जून 1872 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. लढाया आणि पदे इतिहासाच्या पानांत राहिली. घोड, भीमा आणि इंद्रायणीतील माशांची त्यांनी नोंदवलेली मराठी नावे मात्र अभ्यासक आजही वापरतात. दुकानात मासा निवडण्यापूर्वी त्याचे नाव, त्याचे पाणी आणि त्याची पूर्ण वाढ विचारून घेणे एवढेच साइक्स यांच्या वहीतून शिकण्यासारखे आहे. घोडेगावच्या बाजारात दात पाहून बैल घेणाऱ्या शेतकऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही.