शाईच्या दौतीतील जादूगार

कागदावर काढलेले चित्र एकाएकी उठून चालू लागले तर किती मौज होईल, असे तुम्हांला कधी वाटले आहे काय? पडद्यावर आकाशात भरारी घेणारे महावीर आज आपण सहज पाहतो. परंतु निर्जीव रेषांत असा प्राण ओतण्यासाठी काही माणसांनी आपले सारे आयुष्य वेचले. मॅक्स फ्लायशर हा त्यांपैकीच एक होय.

मॅक्सचा जन्म 19 जुलै 1883 रोजी क्राकाव या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. मॅक्सचे वडील शिंपीकाम करीत. 1887 साली हे कुटुंब अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. मॅक्सला लहानपणापासून दोन गोष्टींचे वेड होते. एक चित्रांचे आणि दुसरे यंत्रांचे. तो ब्रुकलिनमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत हरकाम्या म्हणून लागला आणि स्वतःच्या कष्टाने तेथेच व्यंगचित्रकार झाला. पुढे एका विज्ञानविषयक मासिकाच्या कलासंपादकाचे काम त्याला मिळाले.

त्या काळी व्यंगचित्रपट नुकतेच कोठे निघू लागले होते. त्यांतील पात्रे झटके खात चालत. खऱ्या माणसाचा डौल त्यांच्या चालीत नसे. मॅक्सने यावर एक युक्ती शोधली. प्रथम खऱ्या माणसाच्या हालचालींचे चित्रीकरण करावयाचे. मग त्या फितीवरील एकेक चित्र मागून प्रकाश टाकून काचेवर पाडावयाचे आणि काचेवर कागद ठेवून त्याची बाह्यरेषा गिरवावयाची. या यंत्राला 'रोटोस्कोप' असे नाव मिळाले. मॅक्सचा धाकटा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख चढवून चित्रीकरणासाठी उभा राहिला. दिवसा नोकरी करावी आणि रात्री घरच्या बैठकीच्या खोलीत भावांनी मिळून चित्रे गिरवावी, असा त्यांचा क्रम जवळजवळ वर्षभर चालला. तयार झालेला चित्रपट मात्र अगदीच छोटा होता! 1917 साली मॅक्सला या शोधाचे एकस्व मिळाले.

या यंत्रातूनच कोको हा विदूषक जन्मास आला. चित्रकाराच्या दौतीतून त्याने बाहेर पडावे, चित्रकाराच्या नाना खोड्या काढाव्या आणि शेवटी मुकाट्याने पुन्हा दौतीत शिरावे, असे ते चित्रपट असत. 1921 साली भावांनी स्वतःची चित्रसंस्था काढली. 1923 साली मॅक्सने आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतासारखा अवघड विषयही चित्रपटातून समजावून देण्याचा प्रयत्न केला. पडद्यावर गाण्याच्या शब्दांवरून एक चेंडू टप्पे घेत जाई आणि त्याच्या तालावर सारे प्रेक्षागृह गाऊ लागे. ही कल्पनाही याच भावांची. पुढे 1930 साली बेटी बूप आणि 1933 साली पालक खाऊन बलवान होणारा खलाशी पोपाय पडद्यावर आले आणि फ्लायशर बंधूंचे नाव घरोघरी झाले.

परंतु कीर्तीबरोबर अडचणीही आल्या. त्यांच्या संस्थेत शेकडो चित्रे रंगविणाऱ्या कामगारांना वेतन थोडे आणि काम फार असे. 1937 साली त्यांनी संप पुकारला, तो पाच महिने चालला. मॅक्स स्वतःला त्या सर्वांचा वडीलधारा समजत असे. म्हणून हा संप त्याच्या जिव्हारी लागला. पण कामगारांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 1938 साली संस्था दूर दक्षिणेस मायामी येथे हलविण्यात आली. पॅरामाउंट या मोठ्या कंपनीचे कर्ज डोक्यावर होतेच.

तेथेच 1941 साली 'सुपरमॅन' या अतिमानवाच्या चित्रपटांचे काम त्यांच्याकडे आले. ही चित्रे काढणे सोपे नव्हते. उंच इमारती, प्रकाशाचे झोत, गडद सावल्या, पिळदार शरीर हे सारे खरे वाटावे लागे. म्हणून या चित्रपटांना खर्चही फार येई. मूळ चित्रकथांत सुपरमॅन लांब उड्या मारीत असे. पडद्यावर त्या उड्या शोभेनात, तेव्हा चित्रकारांनी त्याला पक्ष्याप्रमाणे उडविले. या मालेतील पहिले नऊ चित्रपट फ्लायशर यांच्या संस्थेने केले आणि पहिल्याच चित्रपटाची ऑस्कर पारितोषिकासाठी निवड झाली. पारितोषिक मात्र दुसऱ्या चित्रपटास मिळाले.

दुर्दैव असे, की याच सुमारास दोघा भावांत वितुष्ट आले. एकाच संस्थेत काम करीत असूनही ते एकमेकांशी बोलेनासे झाले. ज्या भावाने विदूषकाचा वेष घेऊन मॅक्सच्या पहिल्या शोधास साथ दिली, तोच आता परका झाला. डिसेंबर 1941 मध्ये आलेला त्यांचा मोठा चित्रपट चालला नाही. 1942 साली पॅरामाउंटने संस्थेचा कारभार आपल्या हाती घेतला आणि संस्थेचे नावही बदलले. पुढे मॅक्सने न्यायालयात दाद मागितली, पण त्याला यश आले नाही.

तथापि त्याचे मन कडवट झाले नाही. त्याचा मुलगा रिचर्ड चित्रपटदिग्दर्शक होता. व्यवसायात मॅक्सचे जुने प्रतिस्पर्धी असलेल्या डिस्ने यांनी त्याला काम देऊ केले, तेव्हा तो संकोचला. आपल्या वडिलांना काय वाटेल? त्याने वडिलांनाच विचारले. मॅक्सने ते काम आनंदाने स्वीकारावयास सांगितले.

1972 साली कॅलिफोर्नियात मॅक्सचे निधन झाले. त्याची संस्था तर कधीच गेली होती. परंतु त्याची कला टिकली. 1992 साली आलेल्या बॅटमनच्या चित्रमालेने सुपरमॅनच्या त्या जुन्या चित्रपटांपासून स्फूर्ती घेतली. जपानमधील श्रेष्ठ कलावंत मियाझाकी यांच्या यंत्रमानवांतही त्यांची छाया दिसते. ज्या दौतीतून कोको बाहेर पडला, तिच्यातील शाई अद्याप वाळलेली नाही.