थिओबाल्ड स्मिथ

थिओबाल्ड स्मिथ (३१ जुलै १८५९ – १० डिसेंबर १९३४) हे अमेरिकन जीवाणुशास्त्रज्ञ व पशुरोगतज्ज्ञ होते. डुकरांच्या आतड्यात आढळणारा साल्मोनेला जीवाणू त्यांनी प्रथम वेगळा केला. जीवाणूला नाव मात्र त्यांच्या वरिष्ठांचे मिळाले.

प्रारंभिक जीवन

स्मिथ यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे जर्मनीतून आलेल्या कुटुंबात झाला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी (१८८१) व ऑल्बनी येथील वैद्यकीय पदवी (१८८३) घेतल्यावर ते वॉशिंग्टन येथे केंद्र सरकारच्या पशुरोग संशोधनात रुजू झाले. डॅनियल एल्मर साल्मन हे तेथील प्रमुख होते.

वराह-पटकीचे संशोधन

त्या काळी वराह-पटकी या साथीने अमेरिकेतील डुकरांचे कळपच्या कळप नष्ट होत. १८८५ मध्ये स्मिथ यांनी आजारी डुकरांपासून एक जीवाणू मिळवला व तोच साथीचे कारण मानला गेला. विभागाचे अहवाल साल्मन यांच्या नावाने निघत. पुढे १९०० मध्ये फ्रेंच पशुवैद्य लिनियेर यांनी या जीवाणूंच्या प्रजातीस साल्मोनेला हे नाव दिले. ते साल्मन या माशावरून पडले, हा समज चुकीचा आहे.

कारणाविषयीचा निष्कर्षही टिकला नाही. १९०३ मध्ये द श्वाइनिट्झ व डॉर्सेट यांनी ही साथ सूक्ष्म गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे येते, असे दाखवले. तरीही स्मिथ यांचा जीवाणू निरुपद्रवी नव्हता. विषाणूने खंगलेल्या जनावरात तो बळावतो. शिवाय आईचे दूध तोडलेल्या पिल्लांत स्वतंत्रपणे ताप, हगवण व रक्तदोष निर्माण करतो.

याच जीवाणूवर १८८६ मध्ये साल्मन व स्मिथ यांनी महत्त्वाचा प्रयोग केला. उष्णतेने मारलेले जीवाणू टोचलेली कबुतरे पुढे जिवंत जीवाणूंच्या मात्रेतूनही वाचली. लस जिवंतच असली पाहिजे, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. हाफकिन यांनी मुंबईत १८९७ मध्ये वापरात आणलेली प्लेगची लसही उष्णतेने मारलेल्या जीवाणूंचीच होती.

गोचीड-ताप

गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमार्फत पसरतो, हे स्मिथ यांनी एफ. एल. किलबॉर्न यांच्यासह १८९३ मध्ये सिद्ध केले. रोगवाहक कीटकांच्या अभ्यासात हे काम पायाभूत ठरले. चारच वर्षांनी, देगलूर ज्या हैदराबाद संस्थानात होते त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. रॉस यांना नोबेल पारितोषिक लाभले, स्मिथ यांना नाही.

उत्तरकाल

हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर स्मिथ यांनी प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागाचे प्रमुखपद सांभाळले. तेथे १९२२ मध्ये त्यांनी आर. बी. लिटल यांच्यासह चिकाचे महत्त्व प्रयोगाने दाखवले. चीक न मिळालेली बहुतेक वासरे आतड्यातील सामान्य जीवाणू शरीरभर पसरून दगावली. गोठ्यातला जुना अनुभव असा प्रयोगाने पक्का झाला. डुकरांच्या पिल्लांनाही गर्भात प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू आचळाला लावणे वराहपालनात आवश्यक मानले जाते.

स्मिथ १९२९ मध्ये निवृत्त झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९३३ मध्ये त्यांना कोपली पदक दिले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.