पीटर लॉरे

पीटर लॉरे (मूळ नाव: लास्लो लोवेनश्टाइन, २६ जून १९०४ – २३ मार्च १९६४) हे तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले नाट्य व चित्रपट अभिनेते होते. फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' (१९३१) या जर्मन चित्रपटातील बालहत्यारा ही त्यांची सर्वाधिक गाजलेली प्रमुख भूमिका होय. हिटलरच्या सत्ताग्रहणानंतर त्यांनी जर्मनी सोडली. हॉलिवूडमध्ये त्यांची कारकीर्द मुख्यतः साहाय्यक भूमिकांवर उभी राहिली. 'द माल्टीज फाल्कन', 'कॅसाब्लांका', 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' आणि '२०,००० लीग्ज अंडर द सी' हे त्यांचे विशेष उल्लेखनीय चित्रपट आहेत. जेम्स बाँडच्या पहिल्या पडदारूपात, म्हणजे १९५४ च्या 'कसिनो रोयाल' या दूरचित्रवाणी नाट्यात, त्यांनी खलनायक साकारला होता.

प्रारंभिक जीवन

लॉरे यांचा जन्म रोझाहेज या गावी झाला. हे गाव आज स्लोव्हाकियात असून रुझोम्बेरोक या नावाने ओळखले जाते. त्यांचे कुटुंब जर्मन भाषक ज्यू होते. वडील एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. लॉरे चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनी दुसरा विवाह केला, परंतु सावत्र आईशी लॉरे यांचे फारसे जमले नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी हे कुटुंब व्हिएन्ना येथे स्थायिक झाले.

शिक्षणानंतर लॉरे यांनी काही काळ बँकेत नोकरी केली, पण त्यांचा ओढा नाटकाकडे होता. व्हिएन्नात मनोचिकित्सक याकोब मोरेनो यांनी उत्स्फूर्त नाट्याची एक रंगभूमी चालवली होती. तेथे लिखित संहिता नसे. नटांना प्रसंग दिला जाई आणि संवाद त्यांनी जागेवरच रचायचे असत. लॉरे यांची जडणघडण या रंगभूमीवर झाली. पुढे त्यांनी ब्रेस्लाउ, झुरिक आणि व्हिएन्ना येथील नाट्यगृहांत कामे केली.

बर्लिन आणि 'एम'

१९२० च्या दशकाच्या अखेरीस लॉरे बर्लिनला आले. तेथे नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १९२९ मध्ये मारीलुइझ फ्लायसर यांच्या 'पायोनिअर्स इन इंगोलश्टाट' या नाटकातील कामामुळे ते समीक्षकांच्या नजरेत आले. १९३१ मध्ये ब्रेख्त यांच्या 'मान इस्ट मान' या नाटकात त्यांनी गॅली गे ही प्रमुख भूमिका केली.

त्याच वर्षी 'एम' प्रदर्शित झाला. बर्लिनमध्ये लहान मुलांच्या हत्या होऊ लागतात. पोलिसांच्या धाडींमुळे आपला धंदा बुडतो म्हणून शहरातील गुन्हेगारही मारेकऱ्याचा शोध घेऊ लागतात, अशी या चित्रपटाची कथा आहे. लॉरे यांचा हान्स बेकर्ट पडद्यावर फार वेळ दिसत नाही. पुष्कळदा त्याच्या शिळेवरूनच त्याची चाहूल लागते. नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांच्या एका रचनेची ही धून लॉरे यांनी स्वतः वाजवलेली नव्हती, कारण त्यांना शीळ घालता येत नसे. अखेरीस गुन्हेगारांच्या स्वयंघोषित न्यायालयापुढे बेकर्ट आपल्या मनावर आपलाच ताबा नसल्याची कबुली देतो. या प्रसंगात प्रेक्षकाला त्याची किळस येते आणि त्याच वेळी त्याची कीवही येते. या भूमिकेने लॉरे यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवून दिली. मात्र मनोविकृत खुनी ही प्रतिमाही त्यांना कायमची चिकटली.

स्थलांतर

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू कलावंतांना जर्मनीत काम करणे अशक्य झाले. लॉरे प्रथम पॅरिसला आणि तेथून लंडनला गेले. १९४० मध्ये नाझींनी काढलेल्या 'डेर एविगे यूडे' या ज्यूविरोधी प्रचारपटात 'एम'मधील त्यांच्या अभिनयाची दृश्ये वापरली गेली. एका काल्पनिक खुन्याचे चित्रण त्या प्रचारपटात ज्यूंच्या स्वभावाचा पुरावा म्हणून मांडण्यात आले.

लंडनमध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांनी त्यांना 'द मॅन हू न्यू टू मच' (१९३४) या थरारपटात घेतले. लॉरे यांना तेव्हा इंग्रजी जेमतेमच येत होते, म्हणून काही संवाद त्यांनी केवळ उच्चारांवरून पाठ केले. अपहरण आणि हत्येचा कट रचणारा अबट त्यांनी हसतमुख, शांत आणि सभ्य वागणुकीचा रंगवला. 'सीक्रेट एजंट' (१९३६) या हिचकॉक यांच्या चित्रपटातही त्यांनी भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली. ही भूमिका विनोदी ढंगाची होती.

हॉलिवूडमधील प्रारंभ

१९३४ मध्ये लॉरे अमेरिकेत गेले. 'मॅड लव्ह' (१९३५) या कार्ल फ्रॉइंड दिग्दर्शित भयपटात त्यांनी डॉक्टर गोगोल ही भूमिका मुंडण करून साकारली. हात गमावलेल्या पियानोवादकाला एका खुन्याचे हात जोडणारा हा शल्यविशारद त्या वादकाच्या पत्नीवर आसक्त असतो. त्याच वर्षी दस्तयेव्स्की यांच्या कादंबरीवर आधारित 'क्राइम अँड पनिशमेंट' मध्ये त्यांनी रास्कोल्निकोव्हची प्रमुख भूमिका केली.

१९३७ ते १९३९ या काळात त्यांनी 'मिस्टर मोटो' या जपानी गुप्तहेराच्या भूमिकेत आठ चित्रपट केले. जॉन मार्क्वांड यांच्या कादंबऱ्यांतील या पात्रामुळे त्यांना नायकाचे स्थान आणि स्थिर उत्पन्न लाभले, परंतु त्याच त्या साच्याचा त्यांना कंटाळा आला. युरोपीय नटाने रंगभूषा करून जपानी व्यक्ती साकारण्याच्या या प्रथेवर नंतरच्या काळात टीका झाली आहे.

वॉर्नर ब्रदर्स आणि साहाय्यक भूमिका

'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०) या चित्रपटात लॉरे यांची भूमिका अगदी लहान, पण निर्णायक आहे. अनेक अभ्यासक या चित्रपटाला 'फिल्म न्वार' या प्रकारातील पहिला चित्रपट मानतात.

जॉन ह्यूस्टन यांच्या दिग्दर्शनाची सुरुवात 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) या चित्रपटाने झाली. त्यात लॉरे यांनी जोएल कैरो ही भूमिका केली. सुगंधी, टापटिपीचा आणि हाती छडी बाळगणारा कैरो पिस्तूल रोखतो, तेव्हाही त्याचा शिष्टाचार सुटत नाही. ज्या मौल्यवान पुतळ्यासाठी सर्वांनी जीव धोक्यात घातला तो बनावट निघतो, तेव्हा हाच कैरो साथीदारावर चिडून ओरडतो आणि मग रडू लागतो. येथून हम्फ्री बोगार्ट आणि सिडनी ग्रीनस्ट्रीट यांच्याबरोबरच्या त्यांच्या सहकार्याला आरंभ झाला. धिप्पाड, संथ ग्रीनस्ट्रीट आणि ठेंगणे, चंचल लॉरे ही जोडी एकूण नऊ चित्रपटांत दिसली. त्यांपैकी 'द मास्क ऑफ दिमित्रिओस' (१९४४) मध्ये लॉरे एका रहस्यकथालेखकाच्या भूमिकेत कथेच्या केंद्रस्थानी आहेत.

'कॅसाब्लांका' (१९४२) या चित्रपटात त्यांनी उगार्ते हा निर्वासितांना परवाने विकणारा दलाल रंगवला. चित्रपटाच्या पहिल्या भागातच त्याला अटक होते आणि तो पुन्हा पडद्यावर येत नाही. परंतु त्याने ठार केलेल्या जर्मन दूतांकडून मिळवलेली प्रवासपत्रेच पुढील सर्व कथानकाला गती देतात. दिग्दर्शक मायकेल कर्टीझ हेही मूळचे हंगेरीचे होते आणि कलाकारांमध्ये युरोपातून पळून आलेल्यांचा भरणा होता. परवान्यासाठी दारोदार फिरण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष घेतला होता.

फ्रँक कॅप्रा यांच्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (१९४४) मध्ये लॉरे यांनी मद्यपी, भित्रा शल्यविशारद डॉक्टर आइनश्टाइन विनोदी अंगाने सादर केला. 'द बीस्ट विथ फाइव्ह फिंगर्स' (१९४६) या अद्भुत भयपटात तुटलेल्या हाताच्या भासाने वेडावत जाणारा हिलरी हे पात्र त्यांनी उभे केले. या चित्रपटानंतर वॉर्नर ब्रदर्सबरोबरचे त्यांचे पर्व संपले.

'डेर फेर्लोरेने'

चित्रपटांतील कामे कमी झाल्यावर लॉरे आकाशवाणीकडे वळले. १९४७ मध्ये 'मिस्टरी इन द एअर' या रहस्यकथांच्या कार्यक्रमात ते मुख्य कलाकार होते. तथापि आर्थिक अडचणी वाढत गेल्या आणि १९४९ मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली.

त्यानंतर ते जर्मनीस परतले. तेथे त्यांनी 'डेर फेर्लोरेने' (१९५१, अर्थ: हरवलेला) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या पटकथालेखनातही त्यांचा सहभाग होता. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट होय. यातील डॉक्टर रोथे हा नाझी राजवटीतील संशोधक आपल्या वाग्दत्त वधूचा खून करतो. त्याचे संशोधन उपयुक्त असल्याने राजवट हा गुन्हा दडपते. शिक्षा न झालेला रोथे पुन्हा खून करतो. युद्ध संपल्यावर तो निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर म्हणून काम करत असताना त्याचा भूतकाळ पुन्हा समोर येतो. 'एम' मध्ये समाज एका खुन्याच्या मागे लागला होता. या चित्रपटात शासनच खुन्याला पाठीशी घालते. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जर्मन प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. निराश झालेले लॉरे अमेरिकेस परतले आणि त्यांनी पुन्हा दिग्दर्शन केले नाही. पुढील काळात मात्र चित्रपट अभ्यासकांनी या कृतीची दखल घेतली.

अद्भुतपट आणि दूरचित्रवाणी

परतल्यानंतर लॉरे यांचे वजन वाढले होते आणि प्रकृतीही खालावली होती. या उत्तरार्धात त्यांना मुख्यतः अद्भुतपट आणि दूरचित्रवाणीने काम दिले. ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीवरील वॉल्ट डिस्ने यांच्या '२०,००० लीग्ज अंडर द सी' (१९५४) मध्ये ते प्राध्यापक अरोनाक्स यांचा सहायक कॉन्सेय झाले. कर्क डग्लस आणि जेम्स मेसन यांच्यासारखे तारे असतानाही, धनी आणि धाडसी खलाशी यांच्यात कुचंबणा होणारा हा साधा माणूस लक्षात राहतो.

२१ ऑक्टोबर १९५४ रोजी सीबीएस वाहिनीच्या 'क्लायमॅक्स!' या मालिकेत इयान फ्लेमिंग यांच्या 'कसिनो रोयाल' या कादंबरीचे नाट्यरूप थेट प्रक्षेपित झाले. बॅरी नेल्सन यांनी बाँड साकारला आणि लॉरे ल शिफ्र झाले. पहिला बाँडपट येण्यास तेव्हा आठ वर्षांचा अवकाश होता. 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' मालिकेतील 'मॅन फ्रॉम द साउथ' (१९६०) हा भाग रोआल्ड डाल यांच्या कथेवर आधारित होता. त्यात लॉरे एका तरुणाशी पैज लावतात. तरुणाचा लायटर सलग दहा वेळा पेटला तर त्याला मोटार मिळणार, अन्यथा त्याची करंगळी कापली जाणार. तरुणाची भूमिका स्टीव्ह मॅक्वीन यांनी केली होती.

'व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी' (१९६१) या विज्ञानकथापटानंतर लॉरे यांनी रॉजर कॉर्मन यांच्या एडगर ॲलन पो यांच्या साहित्यावर बेतलेल्या चित्रपटांत कामे केली. 'टेल्स ऑफ टेरर' (१९६२) मध्ये मद्यपी मॉन्ट्रेसर आणि 'द रेव्हन' (१९६३) मध्ये मंत्राने कावळा बनवला गेलेला जादूगार डॉक्टर बेडलो या त्यांच्या भूमिका होत्या. 'द रेव्हन'मध्ये व्हिन्सेंट प्राइस आणि बोरिस कार्लोफ हे त्यांचे सहकलाकार होते, तर जॅक निकोल्सन यांनी त्यांच्या मुलाचे काम केले. चित्रीकरणात लॉरे संहिता सोडून आयत्या वेळी संवाद रचत. काटेकोर शिस्तीच्या कार्लोफ यांना याचा त्रास होई. मात्र या चित्रपटाच्या विनोदाचा मोठा भाग त्या उत्स्फूर्ततेतून आला आहे. व्हिएन्नातील मोरेनो यांच्या रंगभूमीवरची ही सवय लॉरे यांनी अखेरपर्यंत जपली होती.

अभिनयशैली

ठेंगणी शरीरयष्टी, गोल चेहरा, मोठे बटबटीत डोळे आणि नाकातून येणारा मृदू, ओढलेला स्वर ही लॉरे यांची वैशिष्ट्ये होती. धमकीचे वाक्य ते हळू आवाजात, जवळजवळ आर्जव केल्यासारखे उच्चारत. त्यामुळे त्यांची खलपात्रे एकाच वेळी भयप्रद आणि केविलवाणी वाटतात. त्यांच्या आवाजाची नक्कल सोपी असल्याने वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रपटांतही त्यांचे अर्कचित्र अवतरले. 'हेअर-रेझिंग हेअर' (१९४६) हे त्याचे उदाहरण आहे. ही लोकप्रियता त्यांना दुहेरी ठरली. तिने त्यांना सतत कामे मिळवून दिली, पण निर्माते त्यांच्याकडे त्याच त्या लकबींची मागणी करत राहिले.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

लॉरे यांचे तीन विवाह झाले. पहिली पत्नी सेलिया लोव्हस्की (विवाह १९३४, घटस्फोट १९४५) याही अभिनेत्री होत्या. 'स्टार ट्रेक' मालिकेतील टी'पाऊ या भूमिकेमुळे त्या आजही परिचित आहेत. दुसरी पत्नी अभिनेत्री कारेन व्हर्न आणि तिसरी ॲन मेरी ब्रेनिंग. तिसऱ्या विवाहातून त्यांना एक कन्या झाली. तरुणपणी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर दिलेल्या मॉर्फीनचे त्यांना व्यसन लागले होते आणि त्याच्याशी त्यांना दीर्घकाळ झुंजावे लागले. १९४१ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

२३ मार्च १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथे पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५९ वर्षांचे होते. अंत्यविधीप्रसंगी व्हिन्सेंट प्राइस यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले. त्यांचा अखेरचा चित्रपट 'द पॅट्सी' मृत्यूनंतर प्रदर्शित झाला.

वारसा

लॉरे यांना ऑस्कर पुरस्काराचे नामांकन कधीही मिळाले नाही. हॉलिवूड वॉक ऑफ फेमवर त्यांच्या नावाचा तारा आहे. स्टीफन यंगकिन यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत चरित्र २००५ मध्ये प्रकाशित झाले. 'डेर फेर्लोरेने' या चित्रपटावरून त्याला 'द लॉस्ट वन' असे नाव देण्यात आले. त्याच वर्षीच्या 'कॉर्प्स ब्राइड' या ॲनिमेशनपटातील अळीचे पात्र लॉरे यांच्या आवाजाच्या धर्तीवर घडवलेले आहे.

निवडक भूमिका

- १९३१ – एम – हान्स बेकर्ट
- १९३४ – द मॅन हू न्यू टू मच – अबट
- १९३५ – मॅड लव्ह – डॉक्टर गोगोल
- १९३७ – थिंक फास्ट, मिस्टर मोटो – मोटो
- १९४१ – द माल्टीज फाल्कन – जोएल कैरो
- १९४२ – कॅसाब्लांका – उगार्ते
- १९४४ – आर्सेनिक अँड ओल्ड लेस – डॉक्टर आइनश्टाइन
- १९४६ – द बीस्ट विथ फाइव्ह फिंगर्स – हिलरी
- १९५१ – डेर फेर्लोरेने – डॉक्टर रोथे (दिग्दर्शनही)
- १९५४ – कसिनो रोयाल (दूरचित्रवाणी) – ल शिफ्र
- १९५४ – २०,००० लीग्ज अंडर द सी – कॉन्सेय
- १९६३ – द रेव्हन – डॉक्टर बेडलो