ऑग्युस्त बेबियाँ : हस्तभाषेचे लिपिकार

वडीगोद्रीच्या चौकांत गाडीची वाट पाहत असतां दोन मुक्या सोबत्यांचा हातांनीं चाललेला संवाद आपल्यापैकीं कांहींनीं पाहिला असेल. बोटें वळतात, भुंवया चढतात, मध्येंच हंसूं फुटतें. आणि गाडी सुटली कीं तें सारें बोलणें हवेंत विरून जातें. तें कागदावर उतरवितां येईल काय ? मराठी टिपून ठेवण्यास आपणांस मोडी होती, बाळबोध आहे. हातांच्या भाषेस काय आहे? ज्यांनीं हा प्रश्न दोनशें वर्षांपूर्वीं मनावर घेतला, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑग्युस्त बेबियाँ यांचा जन्म इ. स. १७८९ सालीं वेस्ट इंडीजमधील ग्वादेलूप या फ्रेंच बेटावर झाला. शिक्षणासाठीं ते फ्रान्सांत आले. पॅरिसच्या मूकबधिर शाळेचे प्रमुख पाद्री सिकार हे त्यांचे धर्मपिता असल्यामुळें त्या शाळेचें दार त्यांस उघडें होतें. बेबियाँ स्वतः चांगले ऐकणारे. तथापि बहिऱ्या मुलांत मिसळून ते त्यांच्या खुणा शिकले. फ्रेंच वाक्याच्या शब्दाशब्दास जोडण्यासाठीं गुरुजनांनीं रचिलेल्या खुणा तेथें प्रचारांत होत्या. परंतु मुलें आपसांत बोलत तीच खरी भाषा असून शिकविणें तींतूनच व्हावें, असें मत बेबियाँ यांनीं १८१७ च्या ग्रंथांत मांडिलें. पुढें त्याच शाळेंत त्यांस काम मिळालें. पण चालकांशीं खटके उडून १८२१ सालीं तें सोडावें लागलें.

जागा गेली, ध्यास गेला नाहीं. १८२५ सालीं त्यांनीं हस्तभाषेच्या लेखनावर ‘मिमोग्राफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्र काढावें तर हालचाल दिसत नाहीं. वर्णन लिहावें तर एका खुणेस चार ओळी लागतात. म्हणून त्यांनीं प्रत्येक खुणेचे अवयव वेगळे केले : कोणतें अंग हलतें, कसें हलतें, कोठें थांबतें आणि मुखावर कोणता भाव उमटतो. एकच पंजा कपाळाशीं नेला तर एक अर्थ व छातीशीं नेला तर दुसरा होऊं शकतो, हें त्यांनीं ओळखिलें होतें. या अवयवांस त्यांनीं दोनशेंहून कमी चिन्हें दिलीं. खुणांचा कोश व्हावा व त्याच्या आधारें मुलांनीं फ्रेंच शिकावें, हा हेतु होता.

ती लिपि रूढ झाली नाहीं. बेबियाँ यांनीं पॅरिस येथें स्वतःची शाळा काढिली, पुढें रूआँ येथील शाळा चालविली. अखेर १८३४ सालीं ते जन्मभूमीस परतले आणि १८३९ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांचें चरित्र फेर्दिनां बेर्तिए या बहिऱ्या शिक्षकानेंच लिहिलें. याहून मोठा मान आम्हांस दिसत नाहीं.

१८८० च्या मिलान परिषदेनें शाळांतून खुणा हद्दपार केल्या. तरी १९६० सालीं अमेरिकेंत विल्यम स्टोको यांनीं स्थान, हस्ताकार व गति अशीच फोड करून चिन्हें योजिलीं, आणि ही भाषा आहे हें विद्वानांस पटूं लागलें. आपल्या देशांत दिल्लीच्या संस्थेनें २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषाकोश सिद्ध केला. परंतु त्यांतील खुणा चलच्चित्रांत आहेत. त्या हातानें लिहितां येतील अशी सर्वमान्य लिपि अद्याप झालेली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पुढल्या खेपेस चौकांत ते दोघे दिसले तर टक लावून हंसूं नका. त्यांजजवळ जा आणि एक खूण शिकून घ्या. बेबियाँ यांनींहि आरंभ असाच केला होता.