गोठलेल्या बोटांचा धडा

सायकलशर्यतींच्या जगात तुल्लिओ काम्पान्योलो यांची एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. नोव्हेंबर १९२७ मध्ये उत्तर इटलीतील क्रोचे दाउने या बर्फाळ घाटात ते शर्यतीत होते. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रे असत. चढ आला की खाली उतरायचे, चाकाचे नट सोडायचे, चाक उलटून बसवायचे आणि पुन्हा निघायचे. थंडीने बधिर झालेल्या बोटांना ते नट सुटेनात आणि शर्यत हातची गेली. गोष्टीला काळाबरोबर रंग चढला असेलही. पण बोटांचे वर्णन वैद्यकीयदृष्ट्या तंतोतंत आहे.

कडाक्याच्या थंडीत शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटे गार पडतात, नसांमधून संदेश सावकाश जातात, स्पर्श नीट कळत नाही. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू पंजात नसून कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. तेही गारठले की पकडीतला जोर जातो. मग कितीही जिद्द असली तरी नट फिरत नाही.

काम्पान्योलो यांचा जन्म १९०१ मध्ये विचेंत्सा येथे झाला. वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानामागील खोलीत त्यांनी प्रयोग सुरू केले आणि १९३३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. नटाऐवजी एक छोटा दांडा आडवा केला की चाक मोकळे होईल, ही रचना त्यांनी रूढ केली. त्यासाठी बोटांची चिमूट लागत नाही, तळव्याचा दाब पुरतो. पुढे त्यांनी चाक न काढता चेन हलवणारी यंत्रणा आणली. १९४८ ची तूर द फ्रान्स जिनो बार्ताली यांनी तिच्यासह जिंकली. मात्र गिअर बदलताना हात मागे नेऊन दोन दांडे हाताळावे लागत आणि पॅडल उलटे फिरवावे लागे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आलेल्या ‘ग्रान स्पोर्ट’मध्ये तारेने चालणारा दांडा सायकलच्या पुढच्या तिरक्या नळीवर आला. तरीही गिअरसाठी एक हात हँडलवरून काढावाच लागे. १९८३ मध्ये काम्पान्योलो यांचे निधन झाले, तेव्हाही बहुतेक शर्यतपटू असेच गिअर बदलत होते.

त्यांच्या कंपनीने १९९२ मध्ये गिअरचे नियंत्रण ब्रेकच्या दांड्याशी जोडले आणि २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बाजारात आणली. त्यात चेन हलवण्याचे काम छोटी मोटर करते. बोटाने फक्त बटण दाबायचे. पण असे बटण घडवणे वाटते तितके सोपे नाही. ते फार हलके असेल, तर खड्ड्यात चुकून दाबले जाईल. फार कडक असेल, तर थकलेल्या बोटाला जड जाईल. जाड हातमोज्यांतून शेजारशेजारची दोन बटणे ओळखू येत नाहीत. म्हणून येथे एक काम ब्रेकमागच्या बोटाला आणि उलट काम अंगठ्याला दिले गेले. दाबल्याची स्पष्ट ‘टिक’ जाणवेल, याचीही काळजी घेतली गेली.

या सोयीची एक बाजू मात्र डॉक्टरांना खटकते. हँडलवर तासन्‌तास भार टाकला की करंगळीच्या बाजूने तळव्यात शिरणारी अल्नर नस दबते. करंगळी व अनामिका यांना मुंग्या येतात, पुढे चिमटीतला जोर कमी होतो. तारेच्या गिअरवर हा अशक्तपणा लवकर लक्षात येई, कारण दांडा ढकलवत नसे. हलक्या बटणावर तो झाकला जातो. बटण नसेवरचा दाब कमी करत नाही. त्यासाठी हातांची जागा अधूनमधून बदलणे, मऊ गादीचे हातमोजे वापरणे, सीट व हँडलची उंची तपासून घेणे हेच उपाय आहेत. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकला, शर्टाचे बटण लावताना किंवा किल्ली फिरवताना अडचण येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

काम्पान्योलो यांनी हाताची मर्यादा ओळखून यंत्र बदलले. यंत्र सोपे झाले म्हणून हाताची तक्रार दुर्लक्षित राहू नये, एवढे आपण पाहायचे.