ओढणाऱ्या वाहनाला तोल देणारा अभियंता

शेतात नांगर ओढताना फाळ दगडाला अडला, की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि क्षणार्धात यंत्र मागे उलटून चालकाच्या अंगावर येई. विसाव्या शतकाच्या आरंभी हा धोका ट्रॅक्टरच्या पाचवीला पुजलेला होता. तो दूर करण्याचे श्रेय मुख्यत्वे हॅरी फर्ग्युसन यांना जाते.

आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे ४ नोव्हेंबर १८८४ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शेतीपेक्षा यंत्रांची ओढ अधिक असल्याने ते बेलफास्टमध्ये भावाच्या मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात शिरले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान उडविले. आयर्लंडमधील ते पहिले विमानोड्डाण ठरले.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, सरकारी कृषी खात्याने ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली. यंत्र अधिक जड करणे हा उलटण्यावरचा सोपा उपाय होता, पण त्याने जमीन दबत असे. फर्ग्युसन यांनी वजनाऐवजी जोडणीचा विचार केला. खालचे दोन दांडे नांगर ओढतात, तर वरचा तिसरा दांडा पुढे रेटा देऊन पुढची चाके जमिनीवर टेकवून ठेवतो. नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकडही वाढते. त्याला हायड्रॉलिक नियंत्रणाची जोड मिळाली आणि हलका ट्रॅक्टरही जड काम पेलू लागला.

१९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला. फोर्ड यांच्या नातवाने तो मोडला, तेव्हा फर्ग्युसन न्यायालयात गेले. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमध्ये तयार होऊ लागलेला त्यांचा ‘टीई-२०’ पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून एडमंड हिलरी यांचे पथक जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

उतारवयात त्यांनी मोटारींकडे लक्ष वळविले. इंजिनाची शक्ती दोनच चाकांना दिली, तर निसरड्या रस्त्यावर ती घसरून वाहन ताब्याबाहेर जाते. ती चारही चाकांत वाटावी, असा त्यांचा आग्रह होता. २५ ऑक्टोबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ओल्टन पार्कच्या ओल्या धावपट्टीवर स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसन यांच्या संस्थेची चारचाकी प्रेरणेची मोटार चालवून शर्यत जिंकली. हे यश पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांची तीन दांड्यांची जोडणी आज महाराष्ट्रातील गावोगावच्या ट्रॅक्टरांवर दिसते. उसाची ट्रॉली मात्र एकाच खुंटीला अडकविली जाते आणि चढावर भाराने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात. अशा वेळी इंजिनाची ताकद कितीही असली, तरी भार कुठे जोडला आहे यावरच चालकाचा जीव अवलंबून असतो. फर्ग्युसन यांनी शतकापूर्वी ओळखलेले हे सत्य आपल्या रस्त्यांवर अजून पुरते उतरलेले नाही.